नव्या समुद्री टाकीत तपकिरी शेवाळ: घासू, थांबू की टाकीच विकून टाकू?

खारट_कोथरूडकर । ९ फेब्रुवारी, रात्री ११:१०

मंडळी, शाळेत असल्यापासून मासे पाळतोय. गप्पी झाले, गोल्डफिश झाले, एंजल झाले. आता चाळिशीत अक्कल गहाण ठेवून समुद्री टाकी लावली आहे. ३ × १.५ × १.५ फूट, म्हणजे साधारण १९० लिटर. खाली सम्प (गाळणीची दुसरी टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), वर दोन वेव्हमेकर (पाणी ढवळणारे पंप). दगड सगळा कोरडा घेतला, म्हणजे ज्यावर समुद्री जीव नसतात तो, १८ किलो. वाळू पांढरीशुभ्र.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी भरलं. अमोनिया चढला, उतरला. मग नायट्राइट चढलं, उतरलं. जानेवारीअखेर दोन्ही शून्य. मग क्लाउनफिशची जोडी (टाकीत पैदास झालेली) आणि सहा ट्रोकस गोगलगायी आणल्या.

आता दहा दिवस झाले, वाळूवर कोको पावडर भुरभुरवल्यासारखा तपकिरी थर आलाय. सकाळी काच पुसतो, रात्री ऑफिसातून येऊन बोट फिरवलं की बोटामागे रेघ उमटते. बायको म्हणाली, "एवढे पैसे घालून गटार पाळलंस का?" रविवारी सासरे टाकी बघायला येणार आहेत.

आकडे: खारटपणा १.०२५, तापमान २६, नायट्रेट १० पीपीएम, फॉस्फेट ०.१२. दिवे १० तास. सॉल्ट पाकिटातलं, पाणी घरच्या आरओचं. दुकानदार म्हणतो शेवाळ मारायची बाटली घेऊन जा. घेऊ का?

निवांत_मासा । ९ फेब्रुवारी, रात्री ११:३२

वाचतोय. माझ्याकडेही सेम, फक्त सासरे नाहीत.

खेकडेबुवा । १० फेब्रुवारी, सकाळी ६:४०

बाटली घेऊ नका. तुम्ही सांगताय ते डायटम, एकपेशीय तपकिरी शेवाळ. कोरड्या दगडाच्या बहुतेक टाक्यांत दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हे येतंच. डायटमच्या पेशीभोवती सिलिकाची डबी असते, म्हणजे काचच म्हणा ना. पाण्यातलं सिलिका संपलं की यांचं घरकाम बंद पडतं. वाळू नवी असते, दगड नवा असतो, त्यांच्यातून थोडं सुटतं. ते संपेल.

पण तुमच्याकडे ते रोज नव्यानं येत असावं. एक काम करा, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणा. नळाचं आणि आरओचं पाणी मोजा आणि इथे टाका.

खारट_कोथरूडकर । ११ फेब्रुवारी, रात्री ९:१५

आणला. नळाचं ४१० (सोसायटीत टँकरचं पाणी मिसळतात), आरओचं ६८. मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला एकदम उत्तम सेट केलंय साहेब, याहून कमी पिऊ नये.

खेकडेबुवा । ११ फेब्रुवारी, रात्री १०:०२

पिण्यासाठी तो बरोबरच बोलतोय. घरच्या आरओत एक छोटा कॉक असतो, तो मेम्ब्रेनमधून आलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो, चवीसाठी. काही मशीनमध्ये वर खनिजांची नळी असते ती वेगळी. माणसाला चव येते, डायटमला जेवण मिळतं. आणि हे फक्त पाणी बदलताना नाही हो. रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं, तुम्ही आरओचं भरता. उडतं ते निव्वळ पाणी, भरता त्यातलं सगळं टाकीतच राहतं. महिन्याचा हिशोब करा.

मेम्ब्रेनच्या लगेच पुढे टी जोडून वेगळी लाइन काढा आणि तिला डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी लावा. मीटरवर ० यायला हवा. यात एक गोम आहे. रेझिन संपत आलं की आधी सिलिका निसटतं, आणि सिलिका मीटरला जवळपास दिसतच नाही. मीटर ० दाखवतो, टाकी तपकिरी होते. म्हणून १ कधी येतो याची वाट बघत बसू नका, थोडं आधीच बदला.

जुहूची_पोर । १२ फेब्रुवारी, दुपारी १:२०

एवढा खटाटोप कशाला? समुद्र आहे ना आपल्याकडे. चार कॅन भरून आणा.

खेकडेबुवा । १२ फेब्रुवारी, दुपारी २:०५

जुहूचं पाणी? ताई, ते टाकलं तर डायटमच्या तक्रारी बंद होतील हे खरं, पुढच्या तक्रारी मात्र वेगळ्या असतील. शहराचं सांडपाणी कुठे जातं ते आठवा. रत्नागिरी-देवगडकडची काही मंडळी समुद्राचं पाणी वापरतात, पण भरतीला, खाडीच्या मुखापासून लांब, आणि पावसाळ्यात अजिबात नाही. जुलैत खाडीजवळचा खारटपणा कितीही खाली येतो. हलके घ्या.

टँकटायगर । १२ फेब्रुवारी, रात्री ८:४५

एवढं ज्ञान ऐकून घेण्यापेक्षा माझा फॉर्म्युला घ्या. शेवाळ म्हणजे काय? खत. खत तोडा. फॉस्फेट रिमूव्हर (तो लोखंडी दाणेवाला) रिअॅक्टरमध्ये (दाण्यांतून पाणी फिरवणाऱ्या नळीत) घाला, दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदला, दिवे ५ तास, माशांना दिवसाआड खाऊ, स्किमर फुल. दगड ब्रशने घासा. तीन आठवड्यांत टाकी शोरूमसारखी.

खेकडेबुवा । १२ फेब्रुवारी, रात्री ९:१०

नका करू. नायट्रेट १० आणि फॉस्फेट ०.१२ हे काही भयंकर आकडे नाहीत. आठ आठवड्यांची टाकी म्हणजे रिकामा प्लॉट आहे. कोणीतरी उगवणारच. तुम्ही गवत उपटत राहिलात तर गवतापेक्षा वाईट काहीतरी उगवेल. डीआय लावा, दिवे ८ तास करा, काच पुसा, बाकी हात टाकीबाहेर.

वाळूचा_खडा । १३ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

अवांतर: पोवळी कधी टाकणार? मालवणला चुलत्यांकडे जातोय, किनाऱ्यावर तुकडे पडलेले असतात, आणू का?

जीवशास्त्रवाली । १३ फेब्रुवारी, सकाळी ११:००

अजिबात आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये २००१ साली दगडी पोवळी, काळी पोवळी, सी फॅन हे सगळं घातलं. वाघ ज्या अनुसूचीत आहे ती ही. वाळलेला तुकडाही त्यातच येतो. शिवाय मालवणला १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. बघा, फोटो काढा, तिथेच ठेवा. खारटरावांची टाकी दगड-माशांची आहे तेच बरं.

खारट_कोथरूडकर । २१ मार्च, रात्री १०:५०

अपडेट द्यायला उशीर झाला. बुवा, रागावू नका. डीआय लावलं, ते तुमचं. बाकी टायगरचं ऐकलं. सासऱ्यांमुळे.

आणि काय सांगू! टाकी चकाचक. वाळू मिठासारखी पांढरी. दगड तर लग्नातल्या भाड्याच्या भांड्यांसारखे घासून ठेवलेत. नायट्रेट ०, फॉस्फेट ०. दोनदा तपासलं. सासरे म्हणाले, "छान आहे, पण मासे दोनच?"

टँकटायगर । २१ मार्च, रात्री ११:०५

बोललो होतो.

फ्रीमाँटची_मावशी । २२ मार्च, सकाळी ७:१५

दोन्ही शून्य वाचून पोटात गोळा आला. अकरा वर्षं रीफ (पोवळ्यांची) टाकी आहे माझी, इथे कॅलिफोर्नियात. शून्य-शून्य हा निकाल मी एकदाच मिळवला होता आणि पुढचे पाच महिने ते फेडत होते. रिमूव्हर आजच काढा.

खारट_कोथरूडकर । ४ एप्रिल, रात्री ११:५५

मावशी, तुमची जीभ काळी आहे हो.

आठवड्यापूर्वी दगडाच्या टोकांवर पुन्हा तपकिरी दिसलं. म्हटलं डायटम परतले. पण हे वेगळं आहे. लांब, चिकट धागे. सर्दी झालेल्या पोराच्या नाकासारखं, माफ करा, पण दुसरी उपमा सुचत नाही. प्रत्येक धाग्याच्या शेंड्याला हवेचा बुडबुडा. सकाळी टाकी बऱ्यापैकी स्वच्छ असते, दुपारी बायको फोटो पाठवते तेव्हा सगळं लोंबत असतं. पाइपने ओढून काढलं, दुसऱ्या दिवशी दुपारी जैसे थे.

आणि गोगलगायी. सहापैकी चार वाळूवर उलट्या पडल्या. सरळ केल्या की काचेवर चढायचा प्रयत्नच करत नाहीत. आज दोन गेल्या, वासावरून कळलं. मासे ठीक.

टँकटायगर । ५ एप्रिल, सकाळी ९:२०

दगड काढून सगळे उकळा. जंतू मेले की विषय संपला.

जीवशास्त्रवाली । ५ एप्रिल, सकाळी ९:३१

उकळू नका!! कृपा करून हा प्रतिसाद आधी वाचा.

हे डायनोफ्लॅजेलेट्स (डायनो, हेही एकपेशीय जीव) वाटताहेत, आणि गोगलगायी मरताहेत म्हणजे बहुधा ऑस्ट्रिऑप्सिस. त्याचं विष पॅलिटॉक्सिन या जहाल विषाच्या जातीचं असतं. इटलीत जिनोआच्या किनाऱ्यावर २००५च्या उन्हाळ्यात याच ऑस्ट्रिऑप्सिसचा बहर आला होता. लाटांच्या तुषारांतून ते हवेत गेलं आणि सुमारे २०० लोकांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास होऊन उपचार घ्यावे लागले. तेही उघड्या समुद्रावर. तुम्ही कोथरूडच्या बंद स्वयंपाकघरात पातेल्यात वाफ काढणार का? झोअँथिड (पोवळ्यांचे नातेवाईक, काहींत हेच विष असतं) असलेले दगड उकळून अख्खी घरं दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. हातमोजे घाला, पाइप तोंडाने ओढून सुरू करू नका.

आता ओळख पटवू. चमचाभर धागे अर्ध्या बाटली पाण्यात घेऊन जोरात हलवा, मग टिशू पेपरातून गाळा. गाळलेलं पाणी स्वच्छ दिसेल. ते दिव्याखाली तासभर ठेवा. पुन्हा गुठळी, धागे जमले तर डायनो समजा. डायटम असे परत एकत्र येत नाहीत. आणि जमलं तर सूक्ष्मदर्शक मिळवा. ४०० पट पुरे.

खारट_कोथरूडकर । ६ एप्रिल, रात्री १०:४०

बाटलीत पन्नास मिनिटांत धागे जमले. बायकोने बाटलीवर "पिऊ नये" लिहून ठेवलंय.

भाची अकरावीत आहे, तिच्या ओळखीने सूक्ष्मदर्शक दोन दिवसांसाठी मिळालाय. मी शाळेत कांद्याच्या पापुद्र्यापुढे गेलो नव्हतो. थेंब ठेवला, खालीवर केलं, पंधरा मिनिटं नुसतं धुकं. मग एकदम दिसलं. तपकिरी, लिंबाच्या बीसारखे, एक टोक निमुळतं. पोहत इकडेतिकडे जात नाहीत. निमुळतं टोक एका जागी अडकलेलं आणि बाकीचं अंग गोल गोल फिरतंय, खुंट्याला बांधलेलं वासरू फिरावं तसं. एका दृश्यात पंचवीस-तीस वासरं. मी आणि भाची आळीपाळीने एक तास बघत होतो. राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, आला नाही.

जीवशास्त्रवाली । ६ एप्रिल, रात्री ११:०२

वा! हेच ऑस्ट्रिऑप्सिस. खुंट्याला बांधलेलं वासरू मी उद्या वर्गात वापरणार.

राग येऊ नये असं आणखी एक: पोवळ्याच्या अंगात राहून त्याला साखर पुरवणारं झूझँथेली, तेही डायनोफ्लॅजेलेटच. आणि हिवाळ्यात आपल्या कोकणच्या लाटा रात्री निळ्या चमकतात ना, ते नॉक्टिल्युकाही याच खानदानातलं. मोठं घराणं आहे, तुमच्याकडे नेमकी वाया गेलेली शाखा आली.

फ्रीमाँटची_मावशी । ७ एप्रिल, सकाळी ६:५०

आता उपाय. उलटा वाटेल पण ऐका. खत तोडून डायनो जात नाहीत, खत तोडल्यामुळे ते आलेत. नायट्रेट-फॉस्फेट शून्य झालं की साधं हिरवं शेवाळ आणि जिवाणू उपाशी मरतात, आणि ज्यांना अशा उपासमारीत जगता येतं ते मोकळी जागा बळकावतात.

रिमूव्हर बंद. पाणी बदलणं बंद, निदान महिनाभर. घासणं बंद. माशांना दिवसातून तीनदा थोडं थोडं. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.१च्या आसपास धरा. खाऊने भागलं नाही तर सोडियम नायट्रेट आणि ट्रायसोडियम फॉस्फेट, प्रयोगशाळेच्या दर्जाचं, हिशोब करून कणाकणाने.

आणि यूव्ही, म्हणजे पाणी अतिनील दिव्याजवळून नेऊन त्यातले जंतू मारणारं यंत्र. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री दगड सोडून पाण्यात येतो. सकाळी टाकी स्वच्छ दिसते ती म्हणूनच. तेव्हाच त्याला गाठायचं. १८ वॅटचा तरी घ्या, पाणी सम्पमधून नको, थेट टाकीतून ओढून टाकीतच सोडा, धार हळू. सुरुवातीचे तीन दिवस दिवे पूर्ण बंद.

(अँफिडिनियम हा वाळूत राहणारा दुसरा डायनो असता तर यूव्हीचा उपयोग नव्हता, तो पाण्यात फारसा येतच नाही. त्याच्यासाठी लोक मुद्दाम सिलिका घालून डायटम वाढवतात. हो, तेच डायटम, ज्यांच्यावर हा धागा सुरू झाला.)

निवांत_मासा । ७ एप्रिल, सकाळी ९:१२

म्हणजे आधी जे घालवलं ते आता विकत आणून घालायचं? हा छंद आहे की सरकारी योजना?

खारट_कोथरूडकर । २६ एप्रिल, रात्री ११:२०

यूव्ही लावून दोन आठवडे झाले. तीन दिवस टाकीवर जुनी चादर होती, मासे दाखवा म्हणून शेजारची पोरं रोज येऊन परत गेली.

धागे निम्म्याहून कमी. पण फॉस्फेट काही केल्या वर येईना. टाकतो, दोन तासांनी ०.०८, सकाळी ०.०१. बुवांना फोन केला, ते म्हणाले कोरडा दगड नवा असेपर्यंत स्पंजासारखा फॉस्फेट पितो, त्याचं पोट भरू दे. नऊ दिवस पाजलं. आता ०.०६ वर टिकलंय.

मध्येच उन्हाळा. परवा टाकी ३०.५ वर गेली. चिलरची किंमत ऐकून टेबलफॅन लावला. दोन अंश उतरलं, पण रोज सहा लिटर पाणी उडतंय. दोन तास लाइट गेली तेव्हा मी आणि बायको मगाने पाणी वर-खाली करत बसलो होतो, हवा मिसळायला.

गोगलगायी दोनच उरल्या.

टँकटायगर । २७ एप्रिल, सकाळी ८:३०

माझ्या टाकीत काल फॉस्फेट ० आलंय. दगडांच्या टोकांवर काहीतरी लोंबतंय. वरचं सगळं परत वाचतोय.

खेकडेबुवा । २७ एप्रिल, सकाळी ८:४५

या, बसा.

खारट_कोथरूडकर । ३० मे, रात्री ९:४०

मंडळी, हिरवं आलं! मागच्या दगडावर, वेव्हमेकरच्या झोतात, हिरव्या शेवाळाची बोटभर दाढी. फेब्रुवारीत हे दिसलं असतं तर रात्री बारा वाजता ब्रश घेऊन बसलो असतो. आज बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "आधी तपकिरी गटार होतं, आता हिरवं झालं, पेढे आणू का?"

सूक्ष्मदर्शक परत मागून आणला. सहा थेंब बघितले. एक वासरू दिसलं. एकच, तेही हळू.

नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०७. यूव्ही अजून चालू आहे. नव्या आठ गोगलगायी आणल्यात, सगळ्या काचेवर. त्या काचेवरून चालल्या की मागे नागमोडी स्वच्छ पट्टा राहतो, ते बघत जेवतो आम्ही.

फ्रीमाँटची_मावशी । ३१ मे, सकाळी ७:००

दाढी हाताने उपटा, पण अर्धीच. बाकीची गोगलगायींना आणि काळाला सोडा. यूव्ही अजून महिनाभर राहू द्या.

खारट_कोथरूडकर । ११ ऑगस्ट, रात्री १०:१५

धागा वर काढतोय. दाढी जुलैत आपोआप विरळ झाली, यूव्ही काढून तीन आठवडे झाले. आणि आज वेव्हमेकर धुवायला काढला तर त्याच्या पाठीवर गुलाबी-जांभळे ठिपके! मोहरीएवढे, सात मोजले. नखाने खरवडलं तर निघेनात. कोरलाइनच ना, ते दगडासारखं कडक गुलाबी शेवाळ? माझा दगड तर कोरडा होता, मग आलं कुठून?

फोटो जोडलाय. खालच्या कोपऱ्यात दगडावर एक हिरवागार मोती पण आहे, वाटाण्याएवढा, काय चमकतो! तो आम्हाला सगळ्यांनाच आवडलाय.

खेकडेबुवा । ११ ऑगस्ट, रात्री १०:३१

गुलाबी ते कोरलाइनच, अभिनंदन. गोगलगायींच्या शंखांवर बसून आलं. अल्कलिनिटी ८-९ आणि कॅल्शियम ४२०च्या आसपास ठेवा, वर्षभरात मागची काच रंगेल.

हिरवा मोतीही शंखावर बसूनच आला असणार. त्याला व्हॅलोनिया म्हणतात, तेही शेवाळच, टाकीभर पसरणारं. तो दगडासकट बाहेर काढा, बादलीत धरून मुळापासून अख्खा सोडवा. टाकीत फोडू नका.

खारट_कोथरूडकर । ११ ऑगस्ट, रात्री १०:३४

फोडू नका हे तुम्ही तीन मिनिटं आधी लिहायला हवं होतं.